पोर्टफोलिओ ठेवताय? मग या चुका टाळा

वर्गात पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाच्या वर्षभरातल्या कामांची फाईल, सुरू करायचा म्हटलं की पहिलं काम काय, तर छान फाईल, कव्हरवर चमकी आणि आत मुलाची सगळ्यात सुंदर सुंदर कामं. इथेच गडबड होते. मूल सुरुवातीला कुठे होतं तेच आत नसेल तर ते किती पुढे गेलं हे कशावरून ठरवणार?

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती माटोळी, तिच्यावरचं काम घ्या. मुलं पहिल्यांदा नुसती यादी लिहून आणतात, नारळ, सुपारीचा घोस, आंबाडे, तवशें (काकडी), बस. मग वर्गात बोलणं होतं, यातलं कुळागरातलं (नारळ-सुपारीच्या बागेतलं) काय, रानातलं काय, बाजारातून आणलेलं काय, आणि दुसऱ्या वेळी तेच मूल तक्ता करून आणतं, आजीला विचारून दोन नवी नावं घालतं. ही दोन्ही पानं तारीख घालून शेजारी शेजारी लावा. खाडाखोड असलेलं पहिलं पान फेकू नका प्लीज, खरं मूल्यमापन त्याच्यामुळेच होतं! तारीख नसेल तर महिन्याभराने आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं तेही कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे निवड टीचरनेच करायची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतीपत्रकात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांचं केलेलं मूल्यमापनही असावं असं म्हटलंय, मग मुलाला विचारायला नको? पण 'हे का निवडलंस' विचारलं की सगळे 'आवडलं म्हणून' लिहितात. त्यापेक्षा विचारा, कुठे अडलं होतं, मग काय बदललंस? लहान मुलांना लिहायला जमत नसेल तर सांगू द्या, घरी कोंकणी बोलत असतील तर कोंकणीत सांगू द्या, तुम्ही दोन ओळी टिपून घ्या.

घरच्यांनी करून दिलेला प्रोजेक्ट तर लगेच ओळखू येतो. रागवून फायदा नाही, महत्त्वाचं काम वर्गातच करून घ्या.

प्रत्येक पानावर मार्क देऊ नका, मुलं आकडा बघतात आणि शेरा वाचतच नाहीत. काय बघणार ते आधीच सांगा, तीन-चार मुद्दे पुरे, आणि शेरा नेमका लिहा. 'छान' लिहून मुलाला काय कळणार? 'रानातली फळं वेगळी काढलीस, आता ती कधी मिळतात तेही लिही' असं लिहिलं तर पुढचं काम त्याला कळतं.

सगळ्या फाईली टर्मच्या शेवटी एकदम तपासायला बसलात तर तुम्हीही दमणार आणि मुलालाही सुधारायला वेळ उरत नाही. रोज चार-पाच मुलांशी पाच-पाच मिनिटं बोला.

आणि आपल्याकडचा पाऊस! भिंतीला लागून ठेवलेल्या फाईलींना बुरशी येतेच. ओले रंग सुकल्याशिवाय प्लास्टिकच्या कव्हरात घालू नका, कपाट मधेमधे उघडं ठेवा. मातीच्या कामाचे फोटो काढलेत तर मुलाचं नाव-तारीख घालून त्याच दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, व्हॉट्सअॅपच्या ढिगात नंतर सापडत नाहीत.

वर्ष संपताना अख्खी फाईल घरी देऊन मोकळे होऊ नका, मुलाबरोबर बसून तीन-चार पानं निवडा आणि पुढच्या वर्गाच्या टीचरकडे द्या.