किक-स्नेअर वाजवायच्या आधी शेका

दिवसभर मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडतीत हळदीच्या पावत्या लिहितो. रात्री जेवणं आटोपली की माडीवर जुना लॅपटॉप उघडून बीट, म्हणजे गाण्यामागचा ताल आणि बेस, बनवतो. एफएल स्टुडिओ हे बीट बनवायचं सॉफ्टवेअर, एक हेडफोन आणि फोन, एवढाच संसार. त्यामुळे खाली लिहिलेल्यातलं काहीही करायला महागडा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा जादा प्रोग्रॅम) लागत नाही.

आधी माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीत मित्राच्या ओळखीनं मंडळाच्या साउंडवर माझी बीट लावायला मिळाली. हेडफोनवर किक, म्हणजे ड्रमचा जाड ‘धम्’ ठोका, छातीत बसत होती. तिथं भल्यामोठ्या बेसच्या पेट्यांसमोर नुसतं टिक-टिक-टिक. किक गायबच! पोरं माझ्याकडं बघायला लागली. चूक माझीच होती. किक ‘मोठी’ वाटावी म्हणून मी तिच्यावर स्टिरिओ रुंद करणारा इफेक्ट टाकला होता. त्यानं डाव्या-उजव्या बाजूच्या लाटा एकमेकींच्या उलट झाल्या होत्या. मंडळाची सिस्टीम मोनो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून वाजवणारी. एक लाट वर, दुसरी खाली, बेरीज शून्य. तेव्हापासून किक आणि ८०८ या ड्रम मशीनचा घुमणारा बेस मी कायम बरोबर मधोमध ठेवतो. बीट संपवायच्या आधी मास्टरचा (सगळे आवाज एकत्र येतात तिथला) स्टिरिओ सेपरेशनचा नॉब पूर्ण ‘मर्ज’कडं फिरवून एकदा ऐकतो. तिथं जे गायब होतं ते मिरवणुकीतही होणार.

आता मूळ मुद्दा. आमच्या गल्लीतले एक मामा जत्रेत हलगी वाजवतात. वाजवायच्या आधी कागद, चिपाडं पेटवून ते हलगी शेकतात. कातडं तापलं की ताणतं आणि आवाज चढतो. एक टोला मारायचा, कान द्यायचा, परत शेकायचं. पहिला ताल वाजायच्या आधी दहा मिनिटं यातच जातात. आपण मात्र पहिली सापडेल ती किक उचलतो आणि मग तिच्यावर इक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), रिव्हर्ब (घुमारा देणारा) असे थर चढवत बसतो. मुळात आवाजच ढिला असेल तर इक्यू काय करणार?

म्हणून आधी सुराची मेलडी आणि बेस चालू ठेवा आणि त्यावर दहा-बारा किक बदलून बघा. किक एकटी ऐकून निवडू नका, एकटी सगळ्याच भारी वाटतात. निवडली की तिचा सूर लावा. पिच अर्धा-अर्धा सूर वर-खाली करत बेसशी जुळेपर्यंत ऐका. ८०८ ला तर हे टाळताच येत नाही. रोलँडचं टीआर-८०८ हे मशीन १९८० साली आलं आणि १९८३ मध्ये बंद झालं. त्यात खऱ्या ड्रमची रेकॉर्डिंग नव्हती, आवाज सर्किटमधून तयार व्हायचा. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून तेव्हा ते फार खपलं नाही. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं ते हिप-हॉपवाल्यांना. त्याची किक लांबवली की ती घुमत राहते आणि तिलाच आज आपण बेस म्हणून वाजवतो. वाजणारा बेस म्हटल्यावर तो सुरात हवाच. गाणं पांढरी चारमध्ये (पेटीवरची चौथी पांढरी पट्टी) असेल तर खालचा सा ४४ हर्ट्झच्या (सेकंदाला ४४ कंपनं) आसपास पडतो, पांढरी पाचला ४९, पांढरी सहाला ५५.

४४ हर्ट्झ फोनच्या स्पीकरवर येतच नाही, आणि आपले ऐकणारे सगळे फोनवाले. याचा उपाय मला मिरजेत कळला. तिथं तंबोऱ्याची जवारी लावताना तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवतात. धागा केसभर हलला की तीच तार अचानक झणझणायला लागते, कारण मूळ सुराच्या वरचे स्वर उमलतात. ८०८ वर थोडं सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज किंचित फाडणारा इफेक्ट, टाकलं की हेच होतं. ४४ च्या वर ८८, १३२, १७६ असे स्वर तयार होतात. फोन वरचेच वाजवतो आणि खालचा सूर कान स्वतः भरून काढतो. धागा सरकवतात तसंच हळूहळू वाढवा. घरघर ऐकू आली की थोडं मागं या.

स्नेअरला, म्हणजे ड्रमच्या ‘थाड’ ठोक्याला, मी मामांचीच हलगी जोडली. गच्चीवर फोन दीड-दोन मीटर लांब ठेवून टोले रेकॉर्ड केले. जवळ धरला तर आवाज फाटतो. हलगीचा २५० हर्ट्झच्या खालचा भाग कापला, कारण स्नेअरचं अंग १८० ते २५० च्या आसपास असतं आणि दोघांनी एकाच खुर्चीत बसायचं कारण नाही. तरी आवाज फुसकाच. मग वेव्हफॉर्म (आवाजाच्या लाटेचं चित्र) पार मोठा करून बघितला. स्नेअरचा पहिला उंचवटा वर जात होता, हलगीचा खाली. मंडळापुढची तीच भानगड, लहान प्रमाणात. हलगीच्या मिक्सर ट्रॅकवरची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी केली, तिची सुरुवात एक-दोन मिलीसेकंद सरकवून दोन्ही उंचवटे एकावर एक आणले आणि थाडकन आवाज आला. आवाजाची पातळी अजिबात न वाढवता.

वर चिमूटभर आणखी एक थर आहे. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की कट् असा कोरडा, जवळपास धातूसारखा आवाज येतो. अडतीत दिवसाला पन्नास वेळा ऐकतो तो. रेकॉर्ड करून स्नेअरखाली अगदी बारीक ठेवलाय. कुणाला कळत नाही, पण काढला की स्नेअर झोपतो.

कॉम्प्रेसरबद्दल एकच. अटॅक, म्हणजे तो आवाज दाबायला घेतो तो वेळ, २०-३० मिलीसेकंद ठेवा, म्हणजे टोला निसटून जातो आणि शेपूट दाबलं जातं. अटॅक शून्यावर ठेवून ‘पंच येत नाही’ म्हणणारे मला आठवड्याला दोन भेटतात.

आणि जागा. सगळे ठोके ग्रिडवर, म्हणजे वेळेच्या समान रेघांवर, चिकटवले की बीट शाळेच्या कवायतीसारखी वाटते. रॉजर लिन यांनी घडवलेल्या अकाईच्या एमपीसी-६० या बीट बनवायच्या मशीनमध्ये, १९८८ साली, स्विंग (मधले ठोके किती उशिरा पडावेत ते) टक्क्यांत मोजलेला असायचा: ५० म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जवळपास ट्रिपलेटचा झोका, जोडीतला पहिला भाग दुसऱ्याच्या दुप्पट. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक ठोका ६६७ मिलीसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १६७. स्विंग ५८ केला की दर दुसरा चौथा भाग साधारण २७ मिलीसेकंद उशिरा पडतो. एवढ्यानंच मान हलायला लागते. जे डिला हा अमेरिकन बीटमेकर तर ठोके मुद्दाम ग्रिडवरून हलवायचा. मी हॅटला (झांजेच्या ‘चिक्’ ठोक्याला) ५६-५८ स्विंग देतो, किक ग्रिडवर ठेवतो आणि स्नेअर दहा मिलीसेकंद उशिरा पाडतो. मुख्य ठोक्यांच्या मध्ये ३०-४० व्हेलॉसिटीचे, म्हणजे कमी जोराचे, हळू टोले टाका. हलगीवाला दुसऱ्या हातातल्या बारीक काडीनं जी कुरबुर करतो, ती हीच.

ही बीट तयार झाल्यावर मामांना माडीवर बोलावून ऐकवली. गाण्याच्या सुरात बसावी म्हणून हलगी मी दोन अर्धसूर खाली उतरवली होती. त्यांनी डोळे मिटून चार आवर्तनं ऐकली आणि विचारलं, “त्या दिवशी नीट शेकली नव्हती का रं?”