गाणं व्हॉट्सॲपवर धाडण्याआधी

तासगाव-विट्याकडं यात्रेची, गणपतीची गाणी लिहिणारे आपण बहुतेक जण शब्द थेट व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. महिन्याभरानं यूट्यूबवर गीतकार म्हणून भलत्याचंच नाव! माझं एक गाणं असंच गेलं. तेव्हापासून हे करतो:

१. पूर्ण गाणं, खाली नाव-तारीख, पीडीएफ करून आधी स्वतःला ईमेल. संगीतकाराला तोच मेल फॉरवर्ड. वहीतली खाडाखोडीची पानं फाडत नाही, पुरावा म्हणून तीच जास्त बोलतात.

२. स्टुडिओवाल्यानं कागद पुढं केला की चहा बाजूला ठेवून आधी मुदत शोधायची. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कोरी जागा आपल्या फायद्याची. 'कायमस्वरूपी' असं छापलेलं असेल तर मात्र सही करायची नाही, मुदत लिहून मागायची.

३. गाणं चालेल असं वाटलं तर कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी. फी ५०० रुपये. सक्ती नाही, हक्क लिहिल्याक्षणीच मिळतो. शब्द आणि चाल या वेगळ्या कृती, तेव्हा चाल दुसऱ्याची असेल तर फक्त शब्द नोंदवायचे.

एक सांभाळा: आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी ध्रुपदात घेतली असेल, तर ती ओळ आपली म्हणून नोंदवू नका.