दोव्हिलचा समुद्रकिनारा: आधी भरतीची वेळ, मग रेल्वेचं तिकीट

पॅरिसहून रेल्वेने दोन तासांवर, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोव्हिल आहे. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचा सावत्र भाऊ ड्यूक द मोर्नी याने १८६० च्या सुमारास दलदल आणि वाळूच्या टेकड्या सपाट करून हे गाव मुद्दाम वसवलं. श्रीमंतांना समुद्र, घोड्यांच्या शर्यती आणि जुगारघर एकाच ठिकाणी मिळावं, हा त्याचा हेतू होता. आजही गावाची घडण तशीच आहे. शर्यतीचं मैदान आहे, १९१२ चा कॅसिनो आहे, शेजारी लाकडी चौकटींच्या नक्षीचं नॉर्मंडी हॉटेल आहे आणि पुढे पसरलेला सुमारे दोन किलोमीटरचा वाळूचा किनारा.

इथे निराश होऊन परतणारे बहुतेक लोक एकाच कारणाने निराश होतात: ते ओहोटीला पोहोचतात. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे ७ मीटरचा फरक पडतो. मुंबईत तो ४ ते ५ मीटर असतो. त्यात दोव्हिलची वाळू अगदी सपाट, त्यामुळे ओहोटीला पाणी काहीशे मीटर मागे हटतं. छत्रीखालून समुद्र नुसती एक रेघ दिसतो आणि पोहायला जायचं तर ओल्या वाळूतून लांब चालावं लागतं. म्हणून भरतीचं वेळापत्रक आधी पाहा आणि गाडीचं तिकीट त्यानंतर काढा.

दिवस कसा निवडायचा

अंदाजासाठी घरातलं पंचांग चालतं. आपल्याकडे कोकणात आणि मुंबईत तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. दोव्हिलला उन्हाळ्यातल्या स्थानिक वेळेप्रमाणे भरती त्या आकड्याच्या साधारण अर्धा-पाऊण तास पुढे येते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास आणि अष्टमीला सहाच्या पुढे. दुपारी पोहायचं असेल तर कोणत्याही पक्षातली प्रतिपदा ते चतुर्थी सोयीची, कारण भरती साधारण एक ते चारच्या दरम्यान पडते. अष्टमी-नवमीला भर दुपारी ओहोटी असते. त्या दिवशी लांबवर वाळूतून फिरा, पोहण्याचा बेत ठेवू नका.

हा अंदाज फक्त तारीख ठरवण्यापुरता. नेमकी वेळ पर्यटन कार्यालयातल्या छापील तक्त्यात किंवा किनाऱ्यावरच्या फलकावर पाहा. फ्रेंच तक्त्यात वेळेशेजारी २० ते १२० मधला एक आकडा असतो. तो भरतीचा जोर सांगतो. ७० म्हणजे सरासरी, ९५ च्या वर मोठं उधाण, ४५ च्या खाली भांग, म्हणजे कमी जोराची भरती. मुलांसोबत जाणार असाल तर ५० ते ८० मधला दिवस उत्तम. काही तक्ते हिवाळी वेळेत छापलेले असतात, त्यात उन्हाळ्यासाठी एक तास मिळवावा लागतो. तक्त्याच्या वर किंवा खाली तसं लिहिलेलं असतं. ते वाचायचं राहिलं तर सगळा बेत तासाने चुकतो. एक गोष्ट मात्र पथ्यावर पडते: सेन नदीच्या मुखाजवळच्या या किनाऱ्यावर पाणी पूर्ण भरल्यावर लगेच उतरत नाही, बराच वेळ तसंच टिकून राहतं. त्यामुळे पोहायला निवांत वेळ मिळतो.

महिना निवडताना गर्दीचा विचार करा. ऑगस्टमध्ये घोड्यांच्या शर्यती आणि शिंगरांचे लिलाव असतात, तर सप्टेंबरच्या सुरुवातीला १९७५ पासून भरणारा अमेरिकन चित्रपट महोत्सव. या दोन्ही काळात हॉटेलं भरलेली आणि महाग. जूनमध्ये आठवड्याचे मधले वार किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आमच्या मते सर्वांत चांगला. पाणी मात्र आपल्या अंगाला गारच वाटणार: जूनमध्ये १५ ते १६ अंश, ऑगस्टमध्ये १८ ते २०. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. ओठ निळसर दिसू लागले की मुलांना लगेच बाहेर काढा.

जायचं कसं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर वेळ मिळणं अवघड होतं, त्यामुळे मार्चमध्येच कामाला लागा.

पॅरिसला गाडी सें-लाझार स्थानकातून सुटते. उतरायच्या स्थानकाचं नाव ‘त्रूव्हिल-दोव्हिल’. दोन्ही गावांचं स्थानक एकच आहे आणि मधून तूक नदी वाहते. काही गाड्या थेट जातात, काहींना लिझियू इथे बदलावं लागतं. तिकीट काढताना थेट गाडी आहे का ते तपासा आणि आसन राखून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी जाणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या गाड्या पॅरिसकरांनी खूप आधी भरून टाकलेल्या असतात. स्थानकापासून किनारा पायी वीस मिनिटांवर आहे, टॅक्सीची गरज नाही.

किनाऱ्यावर

वाळू आणि गाव यांच्या मधोमध ‘ले प्लांश’ ही ६४३ मीटरची लाकडी पायवाट आहे. १९२० च्या दशकात लांब झग्यांना वाळू लागू नये म्हणून ती बांधली. लाकूड आफ्रिकेतल्या आझोबे झाडाचं. ते इतकं कठीण असतं की खारं पाणी आणि वाळू दोन्ही सोसतं. पावसात मात्र ते निसरडं होतं, म्हणून रबरी तळाचे बूट घाला. पायवाटेकडेच्या कपडे बदलायच्या खोल्यांच्या कठड्यांवर महोत्सवाला आलेल्या हॉलिवूडच्या नटांची आणि दिग्दर्शकांची नावं आहेत. फोटो सकाळी काढा. तेव्हा ऊन मागून, गावाच्या बाजूने येतं आणि गर्दीही नसते. पहाटे ओहोटी असेल तर शर्यतीचे घोडे ओल्या वाळूवर सरावाला आणतात. तेव्हा बाजूला उभे राहा आणि घोड्याच्या मागून जाऊ नका.

लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या, नारिंगी मोठ्या छत्र्या, कमरेला दोरी बांधून मिटलेल्या, ही दोव्हिलची खूण. छत्री आणि आरामखुर्ची किनाऱ्यावरच्या कार्यालयात अर्ध्या किंवा पूर्ण दिवसासाठी भाड्याने मिळते. वारा जोरात असेल तर अर्ध्या दिवसाचीच घ्या. स्वतःची छत्री आणणाऱ्यांची फजिती इथेच होते. हलकी छत्री पश्चिमेच्या वाऱ्यात उडते आणि कोणाला तरी लागते. आणायचीच असेल तर दांडा वाळूत किमान ४० सेंटीमीटर खोल रोवा आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडे छत्री कललेली ठेवा.

पोहताना लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भागच वापरा. जीवरक्षकांची नजर तिथेच असते, तीही मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये दिवसा. हिरवा झेंडा म्हणजे उघड धोका नाही, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी, जांभळा म्हणजे पाणी दूषित. तूक नदीच्या मुखाजवळ आणि बंदराच्या धक्क्यालगत पाण्यात उतरू नका. तिथे ओढ आहे आणि होड्यांची ये-जा चालू असते.

ओहोटीला खूप आत चालत गेलात तर परतीची वेळ घड्याळाप्रमाणे ठरवा. ओहोटी संपल्यावर दोन-तीन तासांनी पाणी सर्वांत वेगाने वाढतं. वाळूतल्या खोलगट पट्ट्यांमधून ते तुमच्या पाठीमागून भरत येतं. समोर लाट दिसत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. पाणी वळताच किनाऱ्याकडे निघा. अडचणीत फोन ११२ ला. समुद्रातल्या बचावासाठी १९६.

सुती सलवार-कुर्ता भिजला की जड होतो आणि पाय ओढतो, त्यामुळे पाण्यात पोहण्याचेच कपडे घाला. उलट, पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नका. वरून काहीतरी घालूनच पायवाट ओलांडायची. थंडी सोसत नसेल तर किनाऱ्यालगत १९६६ चा, वास्तुकार रोजे तायिबेर यांचा, गरम केलेल्या समुद्राच्या पाण्याचा तरणतलाव आहे. फ्रान्समधल्या बहुतेक तलावांत ढगळ अर्ध्या चड्ड्या चालत नाहीत आणि टोपी लागते, म्हणून अंगाला घट्ट बसणारी पोहण्याची चड्डी आणि टोपी भारतातूनच न्या.

जेवण

स्वयंपाकघरं साधारण १२ ते २ आणि पुन्हा ७ नंतर चालू असतात. भरती दीडला असेल तर जेवण हमखास हुकतं. बाराच्या ठोक्याला जेवायला बसा, नाहीतर ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’ (दिवसभर जेवण मिळेल) असं लिहिलेली ब्रासरी, म्हणजे साधं फ्रेंच उपाहारगृह, शोधा. आत शिरताच ‘बोंज्यूर’ म्हणा. न म्हणणं उद्धटपणाचं समजतात. ‘यून काराफ दो’ मागितलं की साधं पाणी फुकट मिळतं.

मासे खाणाऱ्यांनी त्रूव्हिलचा नदीकाठचा मासळी बाजार चुकवू नये. पलीकडे जायला बेल्जियन लोकांच्या नावाचा पूल कायम आहे. समुद्राजवळून मात्र भरतीला छोटी होडी चालते आणि ओहोटीला पायी जाण्याचा पूल उघडा होतो. बाजारात कालवं उघडून तिथेच देतात, बारीक करडी कोलंबी उकडून मिळते. शिनाण्यांच्या जातीची ‘मूल’ बहुतेकदा पांढऱ्या वाइनमध्ये वाफवतात, वाइन टाळणाऱ्यांनी आधी विचारावं.

शाकाहारी माणसाला गॅलेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, बरं. ‘सां जांबों, सां ज्योफ’ म्हणजे डुकराचं मांस आणि अंडं नको, एवढं सांगा आणि पिठात अंडं आहे का तेही विचारा. नॉर्मंडीच्या पारंपरिक कामांबेर चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, हे कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं. गोडात तर्गूल घ्या: तांदूळ, दूध, साखर आणि दालचिनी मंद भट्टीत कित्येक तास भाजून केलेली, वर तपकिरी साय धरलेली खीरच.

पावसाचा दिवस निघाला तर जुन्या मठात २०२१ साली सुरू झालेल्या ‘ले फ्रांसिस्केन’ या संस्कृतिकेंद्रात जा. तिथे ग्रंथालय आणि संग्रहालय दोन्ही आहेत.

सूर्यास्त पाहायचा असेल तर मुक्काम ठेवा. जूनअखेरीला इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पॅरिसची शेवटची गाडी बहुतेक त्याआधीच सुटलेली असते.