पावसाळी पाणंद आणि पिकअप: फोर बाय फोर घेण्याआधी डिफरन्शियल समजून घ्या

आर्द्रा लागल्या की काळ्या रानातल्या पाणंदी खचायला लागतात. भाजीची तोडणी मात्र थांबत नाही. गवार, भेंडी, कोथिंबीर वेळेत बाजारात गेली नाही तर भाव सोडाच, मालही हातचा जातो. अशात कॅरेटं भरून निघालेली पिकअप बांधाच्या वळणावर रुतते. मागचं एक चाक भिरभिर फिरत चिखल उडवत असतं आणि दुसरं जागचं हलत नाही. मग तिथेच उभ्या उभ्या ठरतं, पुढच्या वर्षी फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडीच घ्यायची. घ्या, पण एक चाक का फिरतं आणि दुसरं का नाही, हे आधी समजून घ्या. नाहीतर वरचे पैसे मोजूनही गाडी तशीच रुतेल.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकमेकांना जखडलेली असती तर प्रत्येक वळणावर टायर घासले असते. म्हणून मागच्या हौजिंगमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या लोखंडी कवचात, क्राऊन व्हीलबरोबर (इंजिनाचा जोर घेणारं मोठं दातेरी चाक) लहान गिअरांचा एक संच बसवलेला असतो. हेच डिफरन्शियल. तो चाकांना कमीजास्त फिरू देतो, पण जोर मात्र दोघांना सारखाच देतो. मेख इथेच आहे. चिखलातल्या चाकाला पकड नाही, त्यामुळे ते फिरवायला जोर जवळजवळ लागतच नाही. तेवढाच नगण्य जोर मग कोरड्या मुरमावर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही मिळतो. इंजिन कितीही दणकट असो, गाडी हलत नाही. याला ओपन डिफरन्शियल म्हणतात आणि आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपना हेच असतं.

अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहणं सगळ्यात वाईट. एक चाक थांबलेलं असलं की दुसरं क्राऊन व्हीलच्या दुप्पट वेगानं फिरतं. गिअरबॉक्सवरून चालणाऱ्या स्पीडोमीटरवर चाळीस दिसत असेल तर ते चाक ऐंशीच्या गतीनं फिरत असतं. टायर तापतो, आतले छोटे गिअर आणि त्यांची पिन खाल्ली जाते, आणि चाक हौजिंग टेकेपर्यंत स्वतःचा खड्डा खणतं.

आता फोर बाय फोर. मालवाहू आणि कामाच्या गाड्यांमध्ये, म्हणजे बोलेरो कॅम्पर किंवा टाटा योद्धाच्या फोर बाय फोरमध्ये, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सकडून आलेला जोर वाटणारी पेटी) पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकत्र जोडते. पण पुढे एक डिफरन्शियल आणि मागे एक, ही दोन्ही ओपन असतील तर पुढचं एक आणि मागचं एक, अशी दोन चाकं फिरताना दिसतील. टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना जोर असलेल्या गाडीपेक्षा हे नक्कीच बरं, कारण पुढची चाकं बहुधा निराळ्या जमिनीवर असतात. तरी उजवीकडची दोन्ही चाकं चरात आणि डावीकडची बांधावर असली की चारचाकी जोर असूनही गाडी अडकते. शोरूममध्ये ‘फोर बाय फोर आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. मागचं डिफरन्शियल कसलं आहे, हे विचारा. सेल्समनला सांगता आलं नाही तर सर्व्हिसच्या मिस्त्रीला गाठा.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला डिफरन्शियल लॉक नवा नाही. टाचेखालचं पेडल दाबलं की मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर चिखलातून निघतो. गाडीतला लॉक हेच काम करतो, फक्त पेडलऐवजी बटण असतं. भारतात २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सला असा मागचा इलेक्ट्रॉनिक लॉक मिळतो. पण ती कांद्याच्या गोण्या वाहायची गाडी नव्हे, किंमतही तशी नाही. आपोआप लागणारा लॉकही असतो: दोन चाकांच्या फिरण्यात ठरावीक फरक पडला की तो स्वतःच जुळतो आणि वेग वाढला की सुटतो. महिंद्राच्या बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये, ती फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी असूनही, असा लॉक दिला गेला. पाणंदीसाठी मला ही जोडणी फार पटते. मालवाहू पिकअपमध्ये कंपन्या ती सर्रास का देत नाहीत, हे एक कोडंच आहे.

लिमिटेड स्लिप हा मधला प्रकार. आत क्लच प्लेटा असतात, त्या चाकांमधला फरक काही प्रमाणात आवळून धरतात. झिजल्या की असर कमी होतो आणि तेलही वेगळं, त्यासाठीच बनवलेलं लागतं. साधं गिअर ऑइल भरलं की वळणावर खडखड ऐकू येते. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर पलीकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आता अनेक गाड्यांत असते. थोड्याशा घसरणीला ती चांगली, पण लांबलचक चिखलात ब्रेक तापतात.

जुनी गाडी घेताना एक साधी तपासणी करता येते. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा ॲक्सल उचलून भक्कम स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नाही), गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलट दिशेनं फिरलं तर डिफरन्शियल ओपन आहे, त्याच दिशेनं फिरलं तर लिमिटेड स्लिप असण्याचा संभव जास्त. आपोआप लागणारा लॉक मात्र हातानं फिरवण्याच्या गतीला ओपनसारखाच वागू शकतो, तेव्हा तिथे कागद बघूनच खात्री करा.

फोर बाय फोर असेल तर

डांबरीवर चढताच टू-एच (फक्त मागच्या चाकांना जोर) लावा. पार्ट टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच लिव्हरनं जोडायच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टमधलं डिफरन्शियल नसतं. वळताना पुढच्या चाकांचा मार्ग मागच्यापेक्षा लांब असतो, आणि तो फरक सामावायला जागाच नसल्यानं सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्स्फर केसमध्ये साठतो. चिखलात चाक थोडं घसरून तो पीळ सोडवतं, कोरड्या डांबरावर नाही. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर निघत नाही. तसं झालं तर जोर लावू नका, गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, बहुधा सुटेल.

टायरांबाबत आपल्याकडे एक खोड आहे: पुढे जुने, मागे नवे. टू व्हील ड्राइव्हला चालून जातं. फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक असला की तोच पीळ सरळ रस्त्यावरही तयार होतो. चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखे झिजलेले हवेत. आणि पावसाळा नसतानाही महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून थोडं चालवा, म्हणजे पुढच्या भागात तेल फिरतं आणि ऐन जुलैमध्ये लिव्हर अडकत नाही.

फोर-एल (चारही चाकांना जोर, पण कमी गतीत जास्त) गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून लावायचा. तो नुसता चढासाठी नाही. कोकणात किंवा मावळ-वेल्हे पट्ट्यात ओल्या तांबड्या उतारावरून भरली गाडी उतरवताना फोर-एल पहिल्या गिअरमध्ये ठेवा. इंजिनाचा अटकाव चारही चाकांना मिळतो आणि ब्रेक दाबून घसरण्याची वेळ कमी येते. मागचा लॉक असेल तर आडव्या उतारावर तो लावू नका. दोन्ही चाकं एकदम सुटली की गाडीची शेपूट खालच्या बाजूला जाते.

माझ्या मते फोर बाय फोर घ्यावी ती रोज असा चढ-उतार असणाऱ्यानं, भरपावसात दूध गोळा करणाऱ्यानं. सपाटीवर, दीड-दोन किलोमीटर पाणंदीतून डांबरी गाठणाऱ्यानं तेच पैसे आधी चांगल्या टायरांवर आणि वळणावरच्या दोन ट्रॉल्या मुरमावर घालावेत.

टू व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी

रिकामी पिकअप भरलेलीपेक्षा लवकर घसरते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. रानात जाताना हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर, वाळूची पाच-सहा पोती ठेवा. फाळक्याजवळ नको, तिथे पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मागे लग नक्षीचे, म्हणजे जाड ठोकळे आणि खोल खाचांचे टायर हवेत. स्वस्तातले गुळगुळीत रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर) काळ्या मातीत निरुपयोगी. काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचांत थापून बसते, म्हणून दर थोड्या अंतरानं खाचा खरवडून काढा.

एक चाक फिरायला लागलं आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर चालणारा असेल, तर तो दोन-तीन दातेच ओढा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच ॲक्सिलरेटर द्या. फिरणारं चाक अडतं, त्यामुळे दुसऱ्याला जोर मिळतो. दोनदा प्रयत्न करून निघाली नाही तर थांबा, चाकापुढची माती काढा, ओल्या पाचटाऐवजी फळ्या किंवा दगड घाला.

शेवटी ट्रॅक्टर आणावा लागला तर दोर पिकअपच्या चॅसीच्या हुकाला बांधा, बंपरला नाही. ट्रॅक्टरकडे तो खालच्या ड्रॉबारलाच (मागची ओढायची पट्टी) बांधायचा. वरच्या लिंकला बांधून ओढलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो चालकावर उलटतो. हा अपघात क्षणात होतो. साखळी किंवा दोर ताणलेला असताना आसपास कुणालाही उभं राहू देऊ नका, पोरांना तर नाहीच.

ओढ्यातून हौजिंग बुडेपर्यंत गाडी गेली असेल तर घरी आल्यावर डिफरन्शियलचं प्लग उघडून तेल बघा. तापलेलं हौजिंग पाण्यात एकदम थंड होतं आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याची बारीक वाट) किंवा सीलमधून पाणी आत ओढून घेतं. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच भरा आणि ब्रीदर चिखलानं बुजलेला नाही ना, तेही पाहा.