घरगुती डब्यांसाठी वेब अ‍ॅप कसे बांधावे

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले ज्या घरगुती डब्यांवर जेवतात, त्या डब्यांचा व्यवहार बहुतेक ठिकाणी वही, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप यांवरच चालतो. हा व्यवहार वेब अ‍ॅपवर आणायचा असेल, तर हॉटेलचे मेनूकार्ड डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात करू नये. हॉटेलात पदार्थ ठरलेले असतात आणि गिऱ्हाईक येईल तसे ते बनतात. घरी डबे करणाऱ्या ताईंकडे मात्र त्या दिवसाचा एकच बेत असतो, तो मोजक्या माणसांपुरता होतो आणि त्याची भाजी आदल्या संध्याकाळीच आणून निवडलेली असते. म्हणून डेटाबेसचा पाया ‘बेत’ हा असावा. बेताच्या तक्त्यात ताईंचा क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, पदार्थ, किंमत, एकूण डबे, शिल्लक डबे आणि ऑर्डर बंद होण्याची वेळ एवढे रकाने असले, की बाकीची रचना त्याभोवती आपोआप उभी राहते.

साधनांची निवड फार ताणू नये. जँगो (पायथन भाषेत वेब अ‍ॅप बांधण्याचा तयार सांगाडा) आणि पोस्टग्रेस्क्यूएल (डेटाबेस) एवढ्यावर हे काम उत्तम होते, कारण जँगोमध्ये प्रशासकाचे पान तयार मिळते आणि पहिले काही आठवडे तेच वापरून बेत भरता येतात.

खरी काळजी ‘शिल्लक डबे’ या रकान्याची घ्यावी लागते. शेवटचा एक डबा उरलेला असताना दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले आणि प्रोग्रामने आधी शिल्लक वाचून मग वजाबाकी केली, तर दोघांनाही होकार जातो आणि एक जण उपाशी राहतो. यावर उपाय असा, की ‘शिल्लक एक किंवा अधिक असेल तरच एकाने कमी कर’ ही अट आणि वजाबाकी डेटाबेसला एकाच आज्ञेत द्यावी, आणि त्या आज्ञेने एकही ओळ बदलली नाही तर ‘आजचे डबे संपले’ असे नम्रपणे कळवावे. पैसे भरण्यासाठी गिऱ्हाइकाला दहा मिनिटे द्यावीत. तेवढ्यात भरणा झाला नाही, तर राखून ठेवलेला डबा पुन्हा शिल्लकीत जमा करावा.

वेळेचा प्रश्नही असाच फसवा आहे. सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. ताई पहाटे पाच वाजता उठून यादी उघडतील, तेव्हा सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील आणि त्यांना कालची यादी दिसेल. म्हणून ‘आज’ म्हणजे कोणता दिवस, हे नेहमी भारतीय वेळेनुसारच काढावे.

रोजच्या ऑर्डरींपेक्षा महिन्याची गिऱ्हाइके या धंद्याचा कणा असतात, आणि त्यांचा सगळा हिशेब खाड्यावर चालतो. गावी जाणाऱ्याने आदल्या रात्री खाडा सांगितला, तर तो डबा मोजला जात नाही. उशिरा सांगितला, तर मोजला जातो. अ‍ॅपमध्ये यासाठी प्रत्येकाचे खाते ठेवावे, ज्यात महिन्याच्या सुरुवातीला डबे जमा होतात आणि मोजल्या गेलेल्या प्रत्येक वेळेला एक डबा खर्ची पडतो. केवळ उरलेला आकडा साठवू नये. प्रत्येक जमाखर्चाची वेगळी नोंद राहिली, तरच महिनाअखेरीस वाद निघाल्यावर तारीख दाखवता येते. एकादशी, संकष्टी आणि श्रावणी सोमवार यांसाठी उपवासाचा पर्याय आधीच विचारून ठेवावा, कारण त्या दिवशी साबुदाणा किती भिजवायचा हे आदल्या रात्रीच ठरते.

ताईंना फोनवर दिसणारा पडदा (स्क्रीन) हा या अ‍ॅपमधला सर्वांत महत्त्वाचा पडदा आहे, आणि त्यावर सर्वांत आधी बेरीज दिसायला हवी. चार पोळ्यांचे १४ पूर्ण डबे आणि दोन पोळ्यांचे ९ अर्धे डबे असतील, तर ‘पोळ्या ७४’ हा आकडा मोठ्या अक्षरांत वर यावा. नावे आणि पत्ते त्याखाली. कणकेचे हात असताना फोन एका बोटाने चालवता आला पाहिजे.

पोहोचवण्याचे क्षेत्र नकाशावरच्या सरळ अंतराने ठरवू नये. नारायण पेठेतून डेक्कन सरळ रेषेत अगदी जवळ दिसते, पण मध्ये मुठा आहे आणि जायचे पुलावरूनच. त्यापेक्षा ताई स्वतः जिथे डबे देतात, त्या सोसायट्यांची आणि वसतिगृहांची यादी करून गिऱ्हाइकाला त्यातून निवडू द्यावे. ताईंचा घरचा पत्ता आणि फोन नंबर मात्र उघड पानावर कधीही दाखवू नये.

रकमा रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून साठवाव्यात. यूपीआयने भरणा झाल्याची खात्री पेमेंट सेवेकडून सर्व्हरला येणाऱ्या सही केलेल्या (म्हणजे तो त्या सेवेचाच आहे हे तपासता येईल अशा) निरोपावरूनच करावी, आणि तोच निरोप दोनदा आला तरी डबा एकदाच नोंदला जावा, यासाठी व्यवहार क्रमांक अद्वितीय ठेवावा. ताईंचे पैसे शक्यतो रोजच्या रोज द्यावेत. मुंबईच्या गिरणगावातल्या, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या, खानावळवाल्या बायका किराणा आधी भरत आणि कामगारांचे पैसे महिन्याने येत. त्या मधल्या काळात त्या सावकाराच्या हाती सापडत, आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठीच कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. आपल्या अ‍ॅपने ताईंचे पैसे महिनाभर अडकवून तीच ओढाताण पुन्हा त्यांच्या वाट्याला आणू नये.

कायद्याची बाजू पहिली ऑर्डर घेण्याआधी पुरी करावी. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ प्रमाणे घरून डबे विकणाऱ्यांनाही नोंदणी लागते. ती फॉसकॉस या संकेतस्थळावर करता येते आणि तिचा १४ अंकी क्रमांक ताईंच्या पानावर दाखवावा. अन्नविक्रीचा ऑनलाइन मंच चालवणाऱ्याला स्वतःचा केंद्रीय परवानाही घ्यावा लागतो. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून अशा मंचामार्फत पुरवल्या जाणाऱ्या उपाहारगृह सेवेवरचा जीएसटी भरण्याची जबाबदारी मंचावर आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांचे पैसे आपल्या खात्यात घेण्याआधी सनदी लेखापालाशी बोलून घ्यावे.

सुरुवात एकाच पेठेत, दोन-तीन ताईंपासून करावी आणि पहिला महिनाभर त्यांची वहीही चालू ठेवावी. रोज रात्री वहीतले आणि अ‍ॅपमधले डबे, खाडे व रक्कम ताडून पाहावेत. जिथे फरक येईल तिथे आधी अ‍ॅप तपासावे, आणि वही कधी बंद करायची ते ताईंनाच ठरवू द्यावे.