साखर वरखाली होतेय? डोस वाढवण्याआधी पोट चाचपा

डोस डॉक्टरांनी ठरवून दिलेला, वेळा पाळलेल्या, जेवणही मोजूनमापून; तरी उपाशीपोटीची साखर आज ११० तर उद्या २४०. असं झालं की शेजारी कारल्याचा रस सुचवतात आणि घरचे भाताकडे बोट दाखवतात. भाताचा दोष असेलही. पण इन्सुलिन घेणाऱ्याने आधी स्वतःची टोचायची पद्धत तपासावी, कारण घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

सिरिंज वापरत असाल तर बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० चं असतं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० ची सिरिंज केशरी टोपणाची. इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज, म्हणजे आतली औषधाची नळी, १०० चं असतं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलंत, तर अंगात ५० युनिट जातील. हा प्रयोग कधीही नको.

इन्सुलिन ३०/७० सारखं, म्हणजे दोन प्रकार मिसळलेलं, गढूळ असेल तर पेन तळहातांत दहा वेळा फिरवा, दहा वेळा सावकाश उलटसुलट करा. सगळीकडे सारखं दुधाळ दिसलं पाहिजे. जोरात हलवू नका, फेस होतो आणि डोस चुकतो. पारदर्शक इन्सुलिनला यातलं काही लागत नाही. ते गढूळ दिसलं तर मात्र फेकून द्या.

नवी सुई लावा, २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का पाहा, मग डोस लावा.

आता जागा. इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, आणि ‘पोटात कुठेही घ्या’ हा सल्ला त्याला कारणीभूत आहे. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की त्वचेखालची चरबी जाड, रबरासारखी होते. अशा गाठीवर सुई दुखत नाही, म्हणून हात आपोआप पुन्हा तिथेच जातो. गाठीतून इन्सुलिन रक्तात कसं उतरेल याचा भरवसा नसतो: कधी कमी, कधी उशिरा, कधी एकदम. मग साखर वाढलेली दिसते, डोस वाढतो, गाठही वाढते.

गाठ दिसण्यापेक्षा हाताला जास्त लागते. आंघोळीच्या वेळी बोटांना साबण लावून बेंबीच्या दोन्ही बाजू आणि मांड्या सावकाश चाचपा. आसपासच्या मऊ कातडीपेक्षा जाड, घट्ट किंवा फुगीर लागेल तो भाग लिहायच्या पेनाने आखून घ्या. तिथे काही महिने सुई बंद.

पण थांबा, सगळ्यांत धोक्याची गोष्ट पुढेच आहे. गाठीत घेत होतात तोच डोस चांगल्या कातडीत घेतलात तर तो पूर्ण लागू पडेल आणि साखर धाडकन खाली येईल. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांना गाठ दाखवा; ते सहसा डोस कमी करून देतात. पहिले काही दिवस साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा, रात्री झोपतानाही. ७० च्या खाली गेली, किंवा थरथर, घाम, भोवळ जाणवली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

जागा बदलायची पद्धत ठरलेली हवी, लहरीवर नको. बेंबीभोवती दोन-तीन बोटं सोडून पोटाचे चार भाग कल्पा. एका आठवड्यात एकच भाग, आणि त्यात प्रत्येक टोचणी आधीच्या टोचणीपासून बोटभर लांब. पुढच्या आठवड्यात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पुढचा भाग. सकाळचं पोटात, रात्रीचं मांडीत असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तेच पाळा. पोटातून इन्सुलिन लवकर लागू पडतं, मांडीतून सावकाश.

४ मिलिमीटरची सुई सरळ आत घाला. मोठ्या माणसांना बहुधा कातडी चिमटीत धरावी लागत नाही. लांब सुईला मात्र धरा. बटण पूर्ण दाबून दहा आकडे मोजा, मगच सुई बाहेर काढा. काढल्यावर चोळायचं नाही.

संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणार असाल तर जेवणाआधीचा डोस सवयीने घेऊ नका, आणि लांब पल्ल्याचं, म्हणजे सावकाश आणि बराच वेळ काम करणारं, इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंदही करू नका. दोन्हीचं काय करायचं ते आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा. साबुदाण्याची खिचडी साखर चांगलीच चढवते, तेव्हा ‘उपासाचंच तर आहे’ हा हिशेब चालत नाही.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलं की वाया गेलं. वापरातलं पेन बाहेर ठेवलं तरी चालतं, ३० अंशांच्या आत आणि साधारण चार आठवडे. उघडल्याची तारीख त्यावर लिहा. विदर्भातल्या उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं वापरा, आत इन्सुलिन कोरड्या डब्यात. कोकणच्या दमट हवेत मडकं तितकं गार होत नाही.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका. पिशवीतून टाकल्या तर घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात घुसतात. बरणी भरली की टोपण चिकटपट्टीने बंद करा, वर ‘सुया’ लिहा आणि वेगळी द्या.