रूट कॅनलमधलं हायपो : या चुका टाळा

हायपो म्हणजे दाताच्या मुळातली पोकळी (कॅनल) धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट. सगळ्यात घातक सवय म्हणजे ते सलाईनच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणं. छोट्या दवाखान्यात ती पटकन लागते. हायपो, भुलीचं औषध, सलाईन, सगळंच सिरिंजमध्ये पाण्यासारखं दिसतं. भूल म्हणून हायपो टोचलं गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, आणि हायपो जिवंत पेशी जाळतं. म्हणून हायपोची सिरिंज वेगळ्या मापाची ठेवा आणि भरताक्षणी तिच्यावर नावाची पट्टी चिकटवा. भूल डॉक्टरने स्वतः लेबल वाचूनच भरावी. भुलीची सिरिंज ट्रेवरून उचलल्याशिवाय हायपो ट्रेवर येऊच देऊ नका. असिस्टंट नवीन असेल तर हे पहिल्याच दिवशी शिकवा.

दुसरी चूक जोराची. सुई कॅनलमध्ये अडकली आणि दट्ट्या दाबला, की हायपो मुळाच्या टोकाबाहेर जातं. बाजूला छिद्र असलेली, फिरकीने घट्ट बसणारी सुई घ्या. ती कॅनलच्या ठरलेल्या लांबीच्या किमान 2 मिमी अलीकडे, सैल आणि हलती ठेवा. दट्ट्यावर अंगठा नको, तर्जनी ठेवा, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो.

भूल असूनही पेशंट एकदम कळवळला, गाल बघता बघता सुजला, कॅनलमधून रक्त आलं, तर तिथेच थांबा. तोंड उघडं असताना ‘आग व्हई राहिनी’ म्हणणार कसं? सुरुवातीलाच सांगून ठेवा, ‘काका, त्रास झाला की हात वर करा.’ थांबल्यावर कॅनल सलाईनने हलक्या हाताने धुवा, बाहेरून थंड शेक द्या आणि काय झालं ते पेशंटला खरं सांगा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, गिळायला वा श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि उष्णता-उजेडात हायपोचा जोर कमी होतो. ‘चालत नाही’ म्हणून जास्त जोराने मारणं किंवा पाणी न घालता वापरणं, इथूनच अपघात सुरू होतात. छोटी, गडद बाटली आणा, थंड जागी ठेवा, उघडल्याची तारीख लिहा.

हायपोसारखीच काळजी ॲसिडचीही घ्या. फिलिंगआधी दाताला लावायच्या 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिडच्या जेलच्या सिरिंजचं टोक तुंबलं, तर तोंडात दाबू नका. आधी बाहेर गॉजवर दाबून बघा. पेशंटला चष्मा घालाच. डोळ्यात थेंब उडालाच, तर पापण्या उघड्या धरून निदान 15-20 मिनिटं पाण्याने धुवा, मगच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.